बागेतून रस्ता, पण दिसायचा नाही!

फ्लायओव्हर, सबवे म्हटलं की आपल्याला मोटारी आठवतात. पण वाहतूक वेगवेगळ्या पातळीवर न्यायची आयडिया, म्हणजे आपण परीक्षेत ‘ग्रेड सेपरेशन’ म्हणून लिहितो ती, मोटारीच्या जन्माआधी एका बागेत वापरली गेली. आणि ती पूर्ण झाली बागेच्या कारभाऱ्यांच्या भांडणामुळे!

ही बाग म्हणजे न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क. 1857 मध्ये तिचा कारभार 11 कमिशनर्सच्या बोर्डाकडे आला. त्यांनी डिझाइनची स्पर्धा जाहीर केली. एक अट होती: बागेतून पूर्व-पश्चिम जाणारे निदान चार रस्ते हवेत. कारण सोपं आहे. शहराच्या मधोमध मैलोनमैल लांब बाग ठेवली तर या बाजूचा माणूस त्या बाजूला जाणार कसा?

33 नकाशे आले. एप्रिल 1858 मध्ये फ्रेडरिक ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांचा नकाशा पहिला आला. त्यांची युक्ती अशी की हे चारही रस्ते जमिनीच्या पातळीखाली, खोल खणून न्यायचे. कोळशाच्या गाड्या, आगीचे बंब खालून जातील आणि वर फिरणाऱ्याला पत्ताही लागणार नाही. रात्री बागेची फाटकं बंद झाली तरी हे रस्ते चालू राहतील.

झालं, आता काम सुरू, असं वाटलं ना? पण बोर्डातच फूट पडली. रॉबर्ट डिलन आणि ऑगस्ट बेलमाँट या दोन कमिशनर्सनी दुरुस्त्यांची यादीच मांडली आणि वाद वर्तमानपत्रांत गेला. बेलमाँट बँकर होते आणि घोड्यांचे शौकीन. आजची ‘बेलमाँट स्टेक्स’ शर्यत त्यांच्याच नावाची. दोघांच्या मागण्यांपैकी दोन महत्त्वाच्या. एक, तळ्यावर झुलता पूल टाकून थेट जलाशयापर्यंत सरळसोट रस्ता न्यायचा. दुसरी, घोडेस्वारांना, बग्ग्यांना आणि पायी चालणाऱ्यांना वेगळे मार्ग द्यायचे.

पहिली मागणी मान्य झाली असती तर नकाशाचा जीवच गेला असता. कारण बागेत शिरल्यावर शहराच्या सरळ रेषा विसराव्यात, हाच त्यामागचा विचार होता. ती फेटाळली गेली. पण दुसरी मागणी बरोबर होती! घोडा, बग्गी आणि लहान मूल एकाच रस्त्यावर आले तर अपघात ठरलेलाच. मग ओल्मस्टेड आणि वॉक्स यांनी पूल आणि कमानी घालून हे मार्ग एकमेकांच्या वरून-खालून नेले. तिथल्या तिसाहून जास्त पूल-कमानी आजही लोक वापरतात.

पुढे मोटारी आल्या, बागेतल्या बग्ग्यांच्या रस्त्यांवरही शिरल्या. शेवटी जून 2018 मध्ये ते रस्ते मोटारींना बंद झाले. तरी या बाजूची वाहतूक त्या बाजूला जातेच आहे, कारण ते खोल गेलेले चार रस्ते अजून चालू आहेत.

मला यात एक गोष्ट फार आवडली. विरोधक अर्धे चुकले होते, अर्धे बरोबर होते, आणि डिझायनरनी त्यातलं बरोबर तेवढं उचललं. उद्या आपल्या ड्रॉइंगवर कोणी लाल पेन चालवला तर लगेच चिडायच्या आधी एवढं तरी बघूया, की यातली कुठली रेघ खरंच कामाची आहे?