२२ लाखांची गाडी पाच वर्षांनी केवढ्याला जाते?

चाकणला महिंद्राचा कारखाना आहे आणि मर्सिडीज-बेंझचाही. स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही ७०० तिथूनच बाहेर पडल्या; मर्सिडीजच्या भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्यांची जुळणीही तिथेच होते. टाटांची हॅरियर आणि सफारी पिंपरीची. त्यामुळे देशी एसयूव्ही आणि लक्झरी गाडी यांतला फरक ती कुठे बनते यात फारसा उरलेला नाही. तो तिची किंमत कशी चढते आणि कशी उतरते यात आहे.

महाड-पोलादपूर भागात ज्यांनी पंचवीस लाखांच्या आसपास बाजूला काढले आहेत, त्यांच्यापुढे तीन वाटा असतात. देशी एसयूव्हीचं मधलं मॉडेल, तिचंच सगळ्या सोयींनी भरलेलं टॉप मॉडेल, किंवा तेवढ्याच पैशांत चार-पाच वर्षं चाललेली मर्सिडीज, बीएमडब्ल्यू वा ऑडी. तिसरी वाट फार मोहात पाडते. म्हणून हा हिशेब सुरुवातीपासून, एकेक पायरी घेऊन करू.

पहिली पायरी शोरूम किमतीची, म्हणजे जाहिरातीत दिसणाऱ्या आकड्याची. जीएसटी त्यातच धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून हे दर बदलले. चार मीटरच्या आतल्या आणि लहान इंजिनाच्या (पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत) गाड्यांना १८ टक्के, त्याहून मोठ्या सगळ्यांना ४० टक्के. आधी मोठ्या एसयूव्हींवर उपकरासह ४५ ते ५० टक्के कर होता. आता स्कॉर्पिओ-एन आणि मर्सिडीज दोन्ही ४० टक्क्यांतच बसतात. विजेवरच्या गाडीला मात्र ५ टक्केच.

दुसरी पायरी ऑन-रोड किमतीची. गाडी रस्त्यावर उतरेपर्यंत जे जे भरावं लागतं ते सगळं यात येतं. आपल्याकडचं पासिंग पेणच्या आरटीओत, एमएच ०६ मध्ये. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या डिझेल गाडीला १० लाखांपर्यंत १३, २० लाखांपर्यंत १४ आणि त्यापुढे १५ टक्के रोड टॅक्स लागतो. पेट्रोलला हेच दर ११, १२ आणि १३ टक्के.

इथे लोक हमखास फसतात. वरचा दर फक्त २० लाखांपुढच्या रकमेला लागत नाही, तो पूर्ण किमतीला लागतो. १९ लाख ९० हजारांच्या डिझेल गाडीचा टॅक्स २ लाख ७८ हजार ६०० रुपये होतो. २० लाख १० हजारांच्या गाडीचा ३ लाख १ हजार ५००. गाडी २० हजारांनी महाग आणि टॅक्स जवळजवळ २३ हजारांनी जास्त. आपली निवड या रेषेजवळ असेल तर खालचं मॉडेल एकदा पुन्हा बघा.

महाड एमआयडीसीतल्या उद्योजकांसाठी आणखी एक गोष्ट. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर दर २० टक्के होतो. २२ लाखांच्या गाडीवर ३ लाख ३० हजारांऐवजी ४ लाख ४० हजार. कंपनीला आयकरात दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घसारा (वापराने कमी होणारी किंमत) दाखवता येतो हे खरं, पण अशा प्रवासी गाडीवर भरलेला जीएसटी सहसा परत मिळत नाही. सीएला विचारूनच नाव ठरवा.

दहा लाखांपुढच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस घेतो. हा खर्च नव्हे, आपल्याच नावावर आगाऊ जमा झालेला आयकर आहे. विवरणपत्र भरताना तो वळता होतो किंवा परत मिळतो. विवरणपत्रात तो मागायचं विसरू नका.

आता २२ लाखांची डिझेल गाडी धरा. टॅक्स, विमा, टीसीएस मिळून ती साडेसव्वीस लाखांच्या घरात जाते. वरचे साडेचार लाख पुढे गाडी विकताना कोणी वेगळे मोजून देत नाही.

तिसरी पायरी घसाऱ्याची. गाडीची उतरती किंमत दोन ठिकाणी ठरते, विम्याच्या कागदावर आणि बाजारात. विम्यातल्या किमतीला आयडीव्ही म्हणतात, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी जास्तीत जास्त जेवढी रक्कम देईल ती. तिचा रूढ तक्ता असा: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के वजा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. त्यापुढची किंमत आपण आणि विमा कंपनी मिळून ठरवायची.

ही वजावट आपण मोजलेल्या ऑन-रोड रकमेतून होत नाही. विमा घेताना किंवा नूतनीकरण करताना त्या मॉडेलची जी शोरूम किंमत असेल तिच्यातून होते. म्हणून नव्या गाडीची किंमत उतरली की आपल्या जुन्या गाडीची आयडीव्हीही उतरते.

बाजारातही तेच घडतं. जुलै २०२४ मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ७०० च्या एएक्स७ या वरच्या श्रेणीची किंमत ठरावीक मुदतीसाठी दोन लाखांहून अधिक उतरवली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाल्यावर स्कॉर्पिओ-एन सुमारे दीड लाखापर्यंत, तर टोयोटाची फॉर्च्युनर साडेतीन लाखांपर्यंत स्वस्त झाली. त्याआधी पूर्ण किमतीला घेतलेल्यांच्या गाड्या रात्रीतून तेवढ्या उतरल्या. किमतीची ही पडझड टॉप मॉडेलला जास्त जाणवते, कारण पडायला तिथे जागाच जास्त असते.

चौथी पायरी या लेखातली सर्वांत महत्त्वाची: टॉप मॉडेलच्या जादा पैशांचं पुढे काय होतं? मधलं मॉडेल १७ लाखांचं आणि टॉप २२ लाखांचं धरू. शोरूमचा फरक पाच लाख, रोड टॅक्स मिळवून तो सहा लाखांच्या जवळ जातो. पाच वर्षांनी विम्याच्या तक्त्याप्रमाणे एक साडेआठ लाखांची राहील आणि दुसरी अकराची. म्हणजे सहापैकी अडीच लाख परत आले, तेही कागदावर. साडेतीन लाख त्या सोयींचं पाच वर्षांचं भाडं झालं, महिन्याला जवळजवळ सहा हजार रुपये.

प्रत्यक्ष बाजारात हा फरक बहुतेक वेळा याहूनही कमी भरतो. जुनी गाडी घेणारा आधी साल विचारतो, मग किलोमीटर, कितवा मालक, डिझेल की पेट्रोल, सात जण बसतात का, सर्व्हिसची नोंद आहे का. काचेचं छत आणि भोवतीचे कॅमेरे त्याला आवडतात, पण ते बिघडले तर खर्च त्याच्याच माथी येणार. त्यामुळे त्यांचे जादा पैसे द्यायला तो कचरतो.

एडॅस या सोयीचं उदाहरण घ्या. कॅमेरा आणि रडारच्या मदतीने गाडी स्वतः ब्रेक लावते, पट्टा सुटला तर सावध करते. ती पट्टा ओळखते रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषांवरून. आंबेनळी घाटात जुलैच्या धुक्यात त्या रेषा आपल्यालाच दिसत नाहीत, तिथे कॅमेऱ्याला काय दिसणार? शिवाय खडी उडून पुढची काच फुटली, तर नव्या काचेमागचा कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

याउलट सहा एअरबॅग, घसरणारी गाडी सावरणारी ईएससी आणि चढावर गाडी मागे न येऊ देणारा हिल होल्ड या गोष्टी पोलादपूरहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्याला रोज उपयोगी पडतात. मधल्या मॉडेलमध्ये त्या आहेत याची खात्री करा. नसतील तर त्यांच्यासाठी एक पायरी वर चढणं योग्य ठरेल. काचेच्या छतासाठी चढू नका.

पाचवी पायरी लक्झरी गाडीची. नवी घ्यायची तर ५० लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स साडेसहा लाख. पाच वर्षांत तक्त्याप्रमाणे २५ लाख उतरले, म्हणजे टॅक्ससह साडेएकतीस लाख गेले. २२ लाखांच्या देशी गाडीचा हाच आकडा १४ लाख ३० हजार. दोन्हीकडे घसारा निम्माच, पण खिशातून जातात ते रुपये. तक्ता दोघींना सारखा असला तरी बाजार तसा नाही. महाडात जुन्या स्कॉर्पिओला गिऱ्हाईक लगेच भेटतं. जुन्या बीएमडब्ल्यूसाठी मुंबई-पुण्याचा व्यापारी गाठावा लागतो आणि भाव तोच ठरवतो.

मग ती वापरलेलीच घेतली तर? पहिल्या मालकाने मोठा घसारा सोसलेला असतो, हे म्हणणं खरंच आहे. पण गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. पंचवीस लाखांत घेतलेल्या गाडीचा हेडलाइट, गिअरबॉक्स, हवेवर चालणारं सस्पेन्शन नव्या गाडीच्याच भावाने मिळतं. कंपनीची वॉरंटी तोवर संपलेली किंवा संपत आलेली असते. जुन्या गाडीच्या कर्जावर व्याजही सहसा जास्त पडतं.

या गाड्यांची अधिकृत सर्व्हिस सेंटर नवी मुंबईत, मुंबईत किंवा पुण्यात आहेत. कशेडीजवळ गाडी बंद पडली तर ती उचलून शंभराहून जास्त किलोमीटर न्यावी लागेल, आणि पुण्याकडचा वरंध घाट पावसाळ्यात भरवशाचा नाही. काही बीएमडब्ल्यू गाड्यांत स्टेपनीच नसते, पंक्चर झालं तरी थोडं अंतर जाणारे टायर असतात. ते आपल्या भागात लगेच मिळतील असं धरून चालू नका.

दिल्लीहून स्वस्तात येणाऱ्या गाड्यांबद्दल जास्तच सावध राहा. तिथल्या आरटीओची एनओसी लागते, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, आणि तो धरला की स्वस्ताई बरीचशी संपते. राज्यातलीच गाडी असेल तर नवा टॅक्स नाही, नंबरही तोच राहतो. फॉर्म २९ आणि ३० भरून ती आपल्या नावावर होते. आधीचं कर्ज फिटलं असेल तर बँकेचा बोजा उतरल्याची नोंद आरसीवर आहे ना, ते पैसे देण्याआधी बघा.

शेवटची पायरी पुराची, आणि महाडकरांनी ती वगळूच नये. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. साध्या थर्ड पार्टी विम्यातून पुराचे पैसे मिळत नाहीत. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा विमा लागतो. त्यातही पाण्यात बुडालेली गाडी सुरू करायला गेलं, इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि आतले भाग वाकले, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट हे वेगळं कवच घ्यावं लागतं. पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढूनच न्या.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण निकामी धरतात आणि हातात येते ती आयडीव्ही. हप्ता दोन-तीन हजारांनी वाचावा म्हणून आयडीव्ही कमी लिहून घेणाऱ्याचं नुकसान इथे होतं. बंपर-टू-बंपर म्हणजे झिरो डेप कवचही घ्या. ते नसेल तर प्लास्टिक आणि रबरी भागांच्या किमतीतून विमा कंपनी निम्मी रक्कम कापते, आणि आजच्या एसयूव्हीचा बंपर प्लास्टिकचाच असतो.

जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाचा डाग आहे का बघा, सीटखालच्या रुळांवर गंज आहे का बघा, आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागा.

माझं मत विचाराल तर महाड-पोलादपूरसाठी देशी एसयूव्हीचं मधलं मॉडेल घ्यावं, सुरक्षेच्या सगळ्या सोयी असलेलं आणि शक्यतो २० लाखांच्या आतलं. वाचलेल्या पैशांतला थोडा भाग दरवर्षी इंजिन प्रोटेक्ट आणि झिरो डेपवर घालावा. वापरलेली लक्झरी गाडी ज्यांचं येणंजाणं दर आठवड्याला मुंबई-पुण्याला आहे, ज्यांच्या दारात दुसरी गाडी आहे आणि जे दुरुस्तीसाठी वर्षाला दोन लाख वेगळे ठेवू शकतात, त्यांनीच घ्यावी.