सासूबाई, सूनबाई आणि इवलासा कृमी

‘‘पोरीच्या बापाले शुगर होती म्हनते ना? मंग तिच्यातही असनच.’’

आमच्या नागपुरात, महालातल्या एका घरी चहापोह्यांचा कार्यक्रम चालला होता आणि मुलाची आत्या आतल्या दारात उभी राहून हे बोलली. मुलगी एम.कॉम., नोकरी करणारी, सगळ्या तपासण्या नॉर्मल. वडील पंचावन्नाव्या वर्षी गेले, एवढाच काय तो तिचा दोष. आठ दिवसांनी ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला. मैत्रिणींनो, असे निरोप तुमच्याही गावात येत असतील. आणि याच्या अगदी उलट, ‘आमच्या खानदानात सगळे नव्वदी पार करतात’ म्हणत बीपीची गोळी परस्पर बंद करणारे काकाही घरोघरी सापडतात!

समज मात्र दोन्हीकडे एकच. आयुष्याचं एक बटण असतं आणि ते आईबापांकडून चालू किंवा बंद होऊनच येतं. मी बरीच वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे हा समज मला जरा जास्तच टोचतो. त्याला सगळ्यात छान उत्तर दिलंय ते एका कृमीने.

सूत्रकृमी हा शब्द विदर्भात नवा नाही. संत्र्याच्या मुळांना हे डोळ्यांना न दिसणारे कृमी लागले की झाड हळूहळू खंगतं, पानं पिवळी पडतात, फळ बारीक होतं. मी म्हणतेय तो यांचाच भाऊबंद, पण निरुपद्रवी. नाव भारदस्त : सीनोरॅब्डायटिस एलिगन्स. लांबी एक मिलिमीटर, कुजक्या फळांत आणि पालापाचोळ्यात मुक्काम, जिवाणू हे जेवण. अंगातल्या पेशी मोजून ९५९. सिडनी ब्रेनर या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये याला प्रयोगशाळेत आणलं आणि २००२ साली त्यांना व त्यांच्या दोन सहकाऱ्यांना नोबेल मिळालं. याचं अख्खं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं. माणसाचं म्हातारपण अभ्यासायला संशोधकाचा जन्म पुरायचा नाही, याचं महिन्याभरात आटोपतं.

१९९३ मध्ये अमेरिकेत सिंथिया केन्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की डॅफ-२ नावाचं एक जनुक, म्हणजे जीन, मंदावलं तर हा कृमी दुप्पट जगतो. जगभर गाजावाजा झाला तो याचाच. मला मात्र त्याच प्रयोगाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. डॅफ-१६ हे दुसरं जनुकही बिघडवलं, तर तो सगळा फायदा गायब!

हे असं का होतं? आपल्या भाषेत सांगते. डॅफ-२ म्हणजे घरच्या सासूबाई. ‘खायला भरपूर आहे, वाढा, पोरंबाळं होऊ द्या’ हा त्यांचा हुकूम. डॅफ-१६ म्हणजे सूनबाई. सासूबाई तिला कोठीच्या खोलीत पाऊल ठेवू देत नाहीत. ही कोठी म्हणजे पेशीचं केंद्रक, जिथे सगळी जनुकं ठेवलेली असतात. सासूबाई गप्प बसल्या की सूनबाई आत शिरते आणि मोडतोड सावरणारी, ताण सोसायला मदत करणारी कितीतरी जनुकं कामाला लावते. पण सूनबाईच माहेरी गेली असेल तर? सासूबाई कितीही मौन पाळोत, घर काही दुरुस्त होत नाही.

शुगरवाल्या घरांनी इथे कान टवकारावेत. आपल्या पेशींवर इन्सुलिनचा निरोप घेणारी जी यंत्रणा असते, तिचंच कृमीतलं रूप म्हणजे हे डॅफ-२. म्हणून काही माणसात इन्सुलिनचं काम मंदावलं की आयुष्य वाढतं असं नाही हं, उलट मधुमेह होतो. कृमी तो कृमी.

पुढची गंमत २०१३ ची. डी चेन आणि पंकज कपाही यांच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या बक इन्स्टिट्यूटमध्ये दोन जनुकं एकदम मंदावली. एक आपलं डॅफ-२ आणि दुसरं आरएसकेएस-१. हे दुसरं पेशीत प्रथिनं बनवण्याच्या कामाशी जोडलेलं. ते एकटं मंदावलं तर आयुष्य थोडंसंच वाढतं. म्हणजे दोघांची बेरीज दुपटी-तिपटीच्या आसपास यायला हवी. पण कृमी जगले जवळजवळ पाचपट! दोन्ही बदल एकमेकांना जोर देत होते, आणि त्यात मोठा वाटा होता तो अंडी बनवणाऱ्या पेशींकडून शरीराला जाणाऱ्या निरोपांचा.

बरं, गोष्ट नुसती जनुकांपुरतीही नाही. दिल्लीच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीत अर्णव मुखोपाध्याय यांच्या गटाने २०१८ मध्ये एफएलआर-४ या जनुकावर काम प्रसिद्ध केलं. ते बिघडलेले कृमी एका प्रकारच्या जिवाणूंवर पोसले तर जास्त जगतात, दुसऱ्या प्रकारावर पोसले तर तो लाभ मिळत नाही. जनुक तेच, ताट बदललं.

म्हणून त्या आत्याबाईंना मी सांगेन, वडिलांना मधुमेह असला तर मुलीचा धोका वाढतो हे खरं. पण आपल्या मधुमेहाशी एक नव्हे, शेकडो जनुकीय फरक जोडलेले आहेत, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यांत खाणं, वजन, चालणं-फिरणं मिसळतं. मुलीची वर्षातून एकदा साखर तपासावी, स्थळ कशाला मोडायचं? आणि त्या आत्याबाईंच्या पुतण्याची तपासणी कोणी मागितली होती का, हेही विचारायला हवं होतं.

‘मग हे पाचपटीचं औषध माणसासाठी कधी?’ असं विचारणाऱ्या एक-दोघी भेटतातच. त्यांच्यासाठी उंदराची गोष्ट. आरएसकेएस-१ चा उंदरातला जोडीदार २००९ मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी काढून टाकून पाहिला. पाचपट कुठली, आयुष्य वाढलं ते साधारण वीस टक्के. हाडं मजबूत राहिली, अंग सडपातळ राहिलं, मधुमेहापासूनही बचाव झाला. आणि आयुष्य वाढलं ते फक्त माद्यांचं. नर उंदीर होते तेवढेच जगले.