संमिश्र बहुवारिक विद्युत् विच्छेद्य

लिथियम विद्युत् घटमालेतील ज्वालाग्राही द्रवाऐवजी वापरावयाचा घन पदार्थ. लिथियमाचे लवण विरघळविलेल्या बहुवारिकात (लहान रेणूंच्या साखळीने बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थात) सिरॅमिकाचे सूक्ष्म कण मिसळून त्याचे पातळ पटल बनवितात. त्यातून लिथियम आयन पार होतात. इलेक्ट्रॉनांना मात्र मार्ग मिळत नाही.

लिथियम धातूचे ऋणाग्र वापरल्यास दर ग्रॅमला ३,८६० मिलिअँपिअर-तास इतकी सैद्धांतिक धारणक्षमता मिळते. ग्रॅफाइटाची केवळ ३७२ आहे. परंतु पुनर्भारण होताना धातूचे वृक्षसदृश तंतू वाढून धनाग्रास भिडतात व मंडलसंक्षेप होतो. अशा वेळी द्रव पेट घेण्याचा धोका असतो. घन पटल तंतूंना अडवील, ही अपेक्षा मृदू बहुवारिकाने एकट्याने पुरी केलेली नाही.

फेंटन, पार्कर व राइट यांनी १९७३ मध्ये पॉलिएथिलीन ऑक्साइड आणि अल्कली धातूंची लवणे यांची जटिले वर्णिली. पुढे मीशेल आर्मां यांनी घटमालेतील त्यांचा उपयोग सुचविला. या बहुवारिकाच्या साखळीतील ऑक्सिजन अणू लिथियम आयनाला धरून ठेवतात. साखळीचे तुकडे हालले म्हणजे आयन एका ऑक्सिजनाकडून दुसऱ्याकडे सरकतो. म्हणून संवहन मुख्यतः अस्फटिकी भागातच होते. स्फटिकी भाग सु. ६५° से.ला वितळतो, त्याखाली संवाहकता द्रवाच्या सहस्रांशाहूनही पुष्कळ कमी असते. पॅरिसमधील ‘ऑटोलिब’ सेवेच्या (२०११–१८) विद्युत् मोटारगाड्यांत अशा घटमाला होत्या आणि त्या उष्ण ठेवाव्या लागत. उभ्या गाडीलाही त्यामुळे वीज खर्च होई.

सिरॅमिक कण प्रथम बळकटीसाठी मिसळले गेले. वेस्टन व स्टील यांनी १९८२ मध्ये ॲल्युमिना वापरले. १९९८ मध्ये क्रोचे, स्क्रोसाती व सहकाऱ्यांनी टिटॅनियम डाय-ऑक्साइड आणि ॲल्युमिना यांचे काही नॅनोमीटर आकारमानाचे कण मिसळले, तेव्हा ३०° से.ला संवाहकता दर सेंमी.ला सु. एक लक्षांश सीमेन्स झाली. कण साखळ्यांचे स्फटिकीभवन रोखतात आणि त्यांचा पृष्ठभाग लवणाच्या ऋण आयनांशी बद्ध होऊन लिथियम आयन मोकळे करतो, असे याचे स्पष्टीकरण देतात. कण जितके अधिक तितके उत्तम, असे मात्र नाही. प्रमाण वाढल्यास ते एकत्र गोळा होतात व आयनांची वाट अडते.

लिथियम, लँथॅनम व झिर्कोनियम यांचे गार्नेट संरचनेचे ऑक्साइड (२००७) स्वतःच आयनसंवाहक आहे. तथापि कण व बहुवारिक यांच्या सीमेवरील रोधामुळे आयन पुष्कळदा कणांना वळसा घालून बहुवारिकातूनच जातात. शिवाय सु. ४ व्होल्टच्या वर पॉलिएथिलीन ऑक्साइडाचे ऑक्सिडीभवन होत असल्याने त्याच्याबरोबर बहुधा कमी विद्युत् दाबाचे लिथियम आयर्न फॉस्फेटाचे धनाग्र योजतात.