राजधान्या चार, जिल्हा एक!

मोरोक्कोच्या सहलीत फेझ, माराकेश, मेकनेस आणि रबात ही चार शहरं ठरलेली. राजघराणं बदललं की राजधानी हलायची, म्हणून एका देशात चार. पण अशी सहल आपल्या नाशिक जिल्ह्यातही करता येते, हे किती नाशिककरांना ठाऊक आहे?

पहिला मुक्काम चांदवड. यादवांचा मूळपुरुष दृढप्रहार चंद्रादित्यपुरात राहत होता, असं जुन्या कोरीव लेखावरून दिसतं. ते चंद्रादित्यपूर म्हणजेच चांदवड, असं अभ्यासक मानतात. काळ नवव्या शतकाचा. पुढे होळकरांनी इथे रंगमहाल बांधला. कोरीव लाकडी खांब आणि भित्तिचित्रं बघायला आग्रा महामार्गावरून थोडीशीच वाट वाकडी करावी लागते. इथल्या टांकसाळीचा चांदवडी रुपयाही एके काळी प्रसिद्ध होता.

दृढप्रहाराचा मुलगा सेऊणचंद्र. त्याने सेऊणपूर वसवलं, तेच बहुधा आपलं सिन्नर! यादव म्हटलं की सगळ्यांना देवगिरी आठवते, पण भिल्लम पाचव्याने ती राजधानी केली बाराव्या शतकाच्या अखेरीस. सिन्नरचा मान त्याआधीचा. इथल्या गोंदेश्वराला निवांत वेळ द्या. उंच जोत्यावर मधोमध महादेवाचं मुख्य देऊळ, चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती, समोर नंदीचा मंडप. शिखर जवळून बघा. छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढत वर गेलेल्या दिसतात. ही भूमिज शैली. माझ्या मते महाराष्ट्रातल्या सर्वांत देखण्या देवळांत हे पहिल्या रांगेत बसतं, आणि नाशिकहून आहे जेमतेम तासाभरावर.

सिन्नर तालुक्यातलंच जोगलटेंभी राजधानी नव्हे, पण टाळता येत नाही. 1906 मध्ये इथे 13 हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. हरलेल्या राजाचा चेहरा आणि जिंकलेल्याचं चिन्ह एकाच नाण्यावर!

तिसरी राजधानी बागलाणातलं मुल्हेर, बागूल राजांचं मयूरगिरी. नारायणशहाच्या दरबारात रुद्रकवीने 1596 मध्ये या घराण्यावर ‘राष्ट्रौढवंशमहाकाव्य’ हे संस्कृत काव्य रचलं. 1638 मध्ये बागलाण मोगलांकडे गेलं आणि इथलं राज्य संपलं.

चौथी सर्वांत अलीकडची, सुरगाणा. देशमुखांचं हे छोटं आदिवासीबहुल संस्थान 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं.

एकच रजा हाताशी असेल तर सकाळी सिन्नर आणि दुपारनंतर चांदवड आरामात होतं. मुल्हेरला मात्र वेगळा दिवस काढा आणि जमलं तर कोजागरीच गाठा. त्या रात्री संत उद्धव महाराजांच्या या गावात रासक्रीडेचा उत्सव असतो.