पिगली विगलीचा धनी

वाण्याच्या दुकानीं काय घडतें हें मुलांस सांगावयास नको. आपण बाहेर उभे राहून जिनसा सांगाव्या, त्यानें त्या काढून तोलाव्या, पुडी बांधावी, आणि तोंवर मागच्या गिऱ्हाइकानें ताटकळत राहावें. अमेरिकेंतही पूर्वीं बहुधा हीच रीत होती. ती ज्यानें मोडली त्या क्लॅरेन्स सॉण्डर्सची हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्याचा जन्म १८८१ सालीं व्हर्जिनिया संस्थानांत एका गरीब घरीं झाला. चौदाव्या वर्षीं शाळा सोडून तो दुकानांत नोकरीस लागला. पुढें टेनेसी संस्थानांत घाऊक व्यापाऱ्यांचा माल विकीत असतां त्याच्या ध्यानांत आलें, कीं पुष्कळ दुकानदार बुडतात ते उधारीनें व नोकरांच्या खर्चानें.

सप्टेंबर १९१६ मध्यें त्यानें मेम्फिस शहरीं 'पिगली विगली' नांवाचें दुकान काढलें. असलें नांव कां, असें विचारल्यास तो म्हणे, लोकांनीं हेंच विचारावें म्हणून! आंत शिरतांच फिरता अडसर लागे. तो ओलांडून गिऱ्हाइकानें टोपली घ्यावी व हवा तो जिन्नस स्वतः फळीवरून उचलावा. वाट मात्र एकच, आणि तीही नागमोडी. त्यामुळें नुसती साखर घ्यावयास आलेल्या बाईसही सारा माल पाहूनच बाहेर पडावें लागे. किंमत मालावर लिहिलेली, उधारी बंद, शेवटीं मेजापाशीं रोख पैसे. या रचनेचें पेटंट त्यास १९१७ मध्यें मिळालें.

विकणारा मध्यें नाहीं, म्हणून मालानेंच आपली ओळख द्यावयाची. छापील वेष्टणांचें महत्त्व यामुळें फार वाढलें. पण आम्हांस याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. माल उघडा मांडणें म्हणजे अनोळखी माणसाच्या प्रामाणिकपणावर भांडवल लावणें होय. (वाट एकच ठेवण्यांत सावधपणाही होताच.) तो विश्वास फळला. १९२२ च्या सुमारास अशीं बाराशेंच्या आसपास दुकानें झालीं होतीं. कांहीं त्याचीं, कांहीं परवाना घेतलेल्यांचीं.

मग न्यूयॉर्ककडील कांहीं परवानेदारांचीं दुकानें बुडालीं. कंपनीच्या शेअरांचा भाव आतां उतरणार अशा अटकळीनें सट्टेवाल्यांनीं ते उसने घेऊन विकण्यास आरंभ केला. भाव पडल्यावर स्वस्तांत घेऊन परत करावे व मधला नफा खिशांत घालावा, असा हा डाव असतो. सॉण्डर्स चिडला व मोठें कर्ज काढून शेअर विकत घेत सुटला. मार्च १९२३ मध्यें त्यानें सट्टेवाल्यांकडे शेअर मागितले, तेव्हां भाव १२४ डॉलरपर्यंत चढला. डाव जिंकलाच होता! परंतु शेअरबाजाराच्या चालकांनीं हा व्यवहार बंद करून सट्टेवाल्यांस मुदत वाढवून दिली. खेळ चालू असतां नियम बदलले, ही त्याची तक्रार आम्हांस खोटी वाटत नाहीं. पण कर्जाच्या पैशानें त्या खेळांत उतरावयास त्यास कोणीं सांगितलें होतें? त्याच वर्षीं कंपनी त्याच्या हातून गेली. मेम्फिस येथें गुलाबी संगमरवराचा वाडा तो बांधवीत होता. तेथें पुढें शहराचें वस्तुसंग्रहालय झालें.

त्यानें पुन्हां दुकानें काढलीं. मंदीच्या लाटेंत तींही गेलीं. १९३७ मध्यें 'कीडूझल' काढलें. त्यांत कांचेआडचे नमुने पाहून गिऱ्हाइकानें किल्ली लावावी, व माल यंत्रानें आणावा. गिऱ्हाइकाच्या हातीं माल देणाऱ्यानेंच तो पुन्हां कांचेआड ठेवावा, हें नवलच. यंत्रें वारंवार बिघडत. १९५३ मध्यें तो वारला तेव्हांही आणखी एका यांत्रिक दुकानाचा बेत चालला होता.

इकडे १९३० मध्येंच मायकेल कलेन यानें न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत हीच रीत प्रशस्त जागेंत चालवून सुपरमार्केटाचा पाया घातला होता. पिगली विगलीचीं दुकानें अमेरिकेंत अजून आहेत; सॉण्डर्सचा त्यांशीं संबंध मात्र १९२३ मध्येंच तुटला.