इराणी निळाई, बिदरचा पाऊस

बहामनी वजीर महमूद गावान याने १४७२ साली विजयनगरकडून गोवा जिंकला. त्याआधी खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, त्याने घेतला होता. या धामधुमीतच राजधानी बिदरला त्याचा मदरसा उभा राहत होता. गावान मूळचा इराणातल्या गिलानचा. जामी कवीशी त्याचा पत्रव्यवहार होता, आणि त्याला शाळाही हवी होती ती थेट तिकडच्यासारखीच. मधे चौक, चार बाजूंना उंच कमानींची दालनं, तीन मजले, विद्यार्थ्यांच्या खोल्या, ग्रंथालय, मशीद. दख्खनशी जुळवून घ्यायचा प्रयत्न या इमारतीत जवळपास नाहीच. मला तर तो हट्टच वाटतो, पण देखणा हट्ट.

खरी श्रीमंती दर्शनी भिंतीवर होती. उरलेल्या एकुलत्या मिनाराच्या अंगावर रंगीत टाइल्सची नागमोडी नक्षी अजून दिसते. निळा, पांढरा, पिवळा, हिरवा. इराणी कारागिरांची या कामाची जुनी रीत मोठी चिकाटीची. भाजलेल्या टाइलवर काचेची झिलई चढते. तिच्यात कोबाल्ट असेल तर गडद निळा उतरतो, तांबं असेल तर फिरोजी. पण प्रत्येक रंगाला भट्टीची आच वेगळी लागते. म्हणून एकेका रंगाची टाइल वेगळी भाजायची, नक्षीबरहुकूम तिचे तुकडे कापायचे, घासून कडा जुळवायच्या, तुकडे पालथे मांडून मागून गिलावा ओतायचा आणि तयार झालेला तक्ता भिंतीला बसवायचा. अक्षरांच्या पट्ट्याही अशाच. वळणदार अलिफ-लाम म्हणजे कापलेल्या टाइलचे तुकडेच.

१४८१ मध्ये बनावट पत्राच्या आरोपावरून सुलतानाने गावानचा शिरच्छेद करवला. पुढे मोगलांनी मदरशात दारूगोळा ठेवला. १६९६ च्या स्फोटात एक मिनार आणि प्रवेशद्वाराचा भाग उडाला. उरलेल्या टाइल्सची वाट मात्र बव्हंशी पावसाने लावली असावी. झिलई पाणी पीत नाही, पण सांध्यातून शिरलेलं पाणी मागचा गिलावा सैल करतं, मग तुकडे गळतात. टाइल जिथून गळली तिथे भिंत उघडी पडली आहे.

बिदरला गेलात तर मदरशानंतर किल्ल्यातला रंगीन महाल चुकवू नका. तिथलं टाइलकाम छपराखाली आहे, त्यामुळे बरंच शाबूत आहे. शेजारी काळ्या दगडात शिंपल्याचं जडावकामही आहे, पण आधी टाइल्सकडे बघा. मदरशाची भिंत मुळात कशी झळकत असेल, याचा अंदाज तिथेच येतो.