मोरिसादाच्या वहीतली सुशी

अनोळखी महानगरात माणूस चांगलं खाणं कसं शोधतो, हा माझा जुना ध्यास. त्यापायी सुशीकडे वळलो आणि सुशीने मला टोकियोच्या जुन्या दप्तरांत नेऊन सोडलं. २००७च्या नोव्हेंबरात मिशलॅनने टोकियोची पहिली मार्गदर्शिका काढली आणि १५० उपाहारगृहांना १९१ तारे दिले, तेव्हा जगभर गाजावाजा झाला. पण हे शहर एदो म्हणून ओळखलं जायचं तेव्हा, १८२४ सालीच, खरेदीला निघालेल्या परक्या माणसासाठी दुकानांची एक सूची छापली गेली होती. तिचा एक अख्खा भाग खाण्यापिण्याच्या ठिकाणांना दिलेला आहे.

पुढे सुमो पैलवानांच्या क्रमवारीच्या धर्तीवर उपाहारगृहांचे तक्तेही निघू लागले. पूर्व आणि पश्चिम असे दोन गट, वर ठळक अक्षरांत नामांकित घरं, खाली बारीक होत जाणारी नावं. याओझेन हे त्यातलं सगळ्यात बडं प्रस्थ. त्याला पैलवानांच्या रांगेत न बसवता कुस्त्या भरवणाऱ्या यजमानाची मधली जागा देत. तक्ते देखणे आहेत, पण ताटात काय येतं आणि त्याचे किती पैसे पडतात, याचा त्यांत पत्ता नाही.

तो पत्ता दिला एका परगावच्या माणसाने. किटागावा मोरिसादा १८१० साली ओसाकात जन्मला आणि १८४०मध्ये एदोला येऊन राहिला. त्याच्या तीनच वर्षं आधी त्याने एक टिपणवही सुरू केली होती. घरं, कपडे, केशरचना, फेरीवाले, नाणी, खाणं, जे दिसेल ते तो लिहीत गेला आणि शेजारी चित्र काढत गेला. ओसाका-क्योतोत अमुक रीत, एदोत तमुक, अशी तुलना पानोपानी आहे. १८५३मध्ये कमोडोर पेरीची अमेरिकी जहाजं एदोच्या उपसागरात आली. युद्ध पेटलं तर वह्या जळतील, या धास्तीने त्याने त्या कावागोए गावी नातलगांकडे ठेवायला दिल्या. नंतर १८६७पर्यंत तो भर घालत राहिला. त्याच्या हयातीत यातलं काहीच छापलं गेलं नाही. ग्रंथ छापून निघाला तो १९०८ साली.

सुशीची त्याची टिपणं मला या सगळ्या दप्तरातली सर्वांत मोलाची वाटतात. एदोत प्रत्येक मोहल्ल्यात सुशीची एक-दोन दुकानं, तर सोबा नूडल्सचं दुकान एक-दोन मोहल्ल्यांमागे एक, असं तो सांगतो. मग एकेक सुशी काढून दाखवतो: अंड्याची, कोळंबीची, आनागो या सागरी वामाची, समुद्रशेवाळात गुंडाळलेली. टूना आणि कोहादा या माशांच्या सुशीत भात आणि मासा यांच्यामध्ये वासाबी घालतात, सोबत आल्याचं लोणचं देतात, सुशी वेगळ्या ठेवायला बांबूगवताचं पान लावतात, हेही त्याने टिपलं आहे. बहुतेक सुशींची किंमत तेव्हाच्या चलनात ८ मोन, अंड्यात गुंडाळलेलीची मात्र सुमारे १६. त्या काळी सोबाचा एक वाडगा १६ मोनला मिळत असे. म्हणजे अंडं महाग आणि टूना स्वस्त! त्याच शहरात जानेवारी २०१९मध्ये २७८ किलोचा एक टूना ३३ कोटी ३६ लाख येनला विकला गेला.

याच वहीत एका कारवाईची नोंद आहे. १८४१ साली शोगुनशाहीचा मंत्री मिझुनो तादाकुनी याने काटकसरीचे फर्मान काढले. त्या काळात महागडी सुशी विकणाऱ्या दोनशेहून अधिक जणांना पकडून हातकड्या घातल्या, असं मोरिसादा लिहितो. त्यानंतर बाजारात फक्त ४ आणि ८ मोनची सुशी उरली. धाक ओसरल्यावर २०-३० मोनची पुन्हा दिसू लागली. चार ओळींत त्याने बाजारभाव, सरकार आणि खवय्ये तिघांनाही पकडलं आहे. हाताने दाबून केलेली सुशी हानाया योहेई या एदोतल्या सुशीवाल्याने आधी केली की आणखी कोणी, या वादापेक्षा मला या चार ओळी अधिक मोलाच्या वाटतात.

आजचे तक्ते फोनवर असतात. ताबेलॉग या संकेतस्थळावर ग्राहक पाचपैकी गुण देतात. मे २०१९मध्ये त्याने गुण मोजण्याची रीत बदलली आणि त्यामुळे आमचे गुण घसरले, गिऱ्हाईक तुटलं, असं म्हणत मांस भाजून देणाऱ्या एका कोरियन उपाहारगृह-साखळीने दावा लावला. जून २०२२मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने ३ कोटी ८४ लाख येन भरपाई द्यायला सांगितली. जानेवारी २०२४मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायद्याच्या दृष्टीने काय योग्य ते न्यायाधीश जाणोत. पण ज्या आकड्याचं सूत्र ग्राहकाला दाखवलं जात नाही, त्याच्यावर जेवण ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. मोरिसादाला काही विकायचं नव्हतं, म्हणून त्याचा शब्द अधिक भरवशाचा.

तुम्ही टोकियोला जाणार असाल, तर पहिल्या दुकानात कोहादा मागवा. हा छोटा चंदेरी मासा मिठात आणि व्हिनेगरमध्ये मुरवावा लागतो. तो नीट जमला असेल तर कारागिराचा हात चांगला. नामांकित दुकानांत दुपारी जा, तेव्हा दर बरेच कमी असतात. तोयोसूचा मासळीबाजार रविवारी बंद असतो, बुधवारीही अनेकदा. शाकाहारी असाल तर काकडीची काप्पामाकी घ्या. काम्प्योमाकीत आपल्या दुधीच्याच जातीच्या फळाच्या वाळवलेल्या पट्ट्या असतात. तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी हा तिसरा पर्याय. मोरिसादाच्या काळी ती सगळ्यांत स्वस्त सुशी होती आणि कंदिलावर देवळाची कमान रंगवून रात्री फिरून विकत. पण या शेवटच्या दोन्हींत माशाचं सार असू शकतं, आधी विचारा.

आणि परत आलात की दुकान कोणत्या गल्लीत, काय खाल्लं, किती पैसे दिले, एवढं तरी लिहून ठेवा. मुंबई-पुण्यातल्या खानावळींबद्दलही लिहा. आपल्या शहरांना असा वहीवाला हवा आहे.